काय बदलते, काय टिकते : गणित शिक्षकांसाठी अ‍ॅप्लेट-निर्मिती

संवादी अ‍ॅप्लेट म्हणजे वेब ब्राउझरमध्ये उघडणारे, एकाच कामासाठी बनवलेले छोटे साधन. गणिताच्या अ‍ॅप्लेटमध्ये एखादी आकृती, आलेख, सारणी किंवा आकडेमोड पडद्यावर असते आणि विद्यार्थ्याला तिच्यातली एखादी गोष्ट बदलता येते. तो बिंदू ओढतो, स्लायडर सरकवतो, चौकटीत संख्या भरतो; त्याबरोबर बाकीचे घटक आपापल्या नात्यानुसार लगेच बदलतात. फळ्यावर काढलेला एक त्रिकोण सगळ्या त्रिकोणांच्या वतीने उभा असतो. अ‍ॅप्लेटमध्ये तोच त्रिकोण ओढून लघुकोन, काटकोन, विशालकोन करता येतो आणि तिन्ही मध्यगा दर वेळी एकाच बिंदूत मिळतात हे विद्यार्थ्याच्या हाताखाली घडते. व्हिडिओतले उदाहरण बनवणाऱ्याने निवडलेले असते. अ‍ॅप्लेटमधले उदाहरण विद्यार्थी निवडतो.

तयार अ‍ॅप्लेट इंटरनेटवर भरपूर मिळतात. तरीही शिक्षकांनी ते स्वतः बनवायला शिकावे, यामागचे कारण गणिताचेच आहे. अ‍ॅप्लेट बनवताना पहिला प्रश्न येतो तो आकृतीतले काय मोकळे सोडायचे आणि काय बांधून ठेवायचे हा. डोळ्यांच्या अंदाजाने काढलेला आयत एक शिरोबिंदू ओढताच मोडतो. लंबरेषा आणि समांतर रेषा वापरून रचलेला आयत कसाही ओढला तरी आयतच राहतो. म्हणजे व्याख्या पाठ असून भागत नाही. तिच्यातली कोणती अट पुरेशी आहे आणि कोणती आपोआप येते, हे बनवणाऱ्याला ठरवावे लागते. जे बदलते त्यातून जे टिकते ते वेगळे काढणे हेच गणित असेल, तर अ‍ॅप्लेट बनवणे हा गणिताचाच अभ्यास आहे. संगणकाचे कौशल्य त्याच्या मागोमाग येते.

या साधनांचा इतिहास सुमारे साठ वर्षांचा आहे. १९६७ साली अमेरिकेत लोगो ही मुलांसाठीची संगणकभाषा तयार झाली. तिच्या निर्मात्यांपैकी सेमूर पॅपर्ट यांनी १९८० साली ‘माइंडस्टॉर्म्स’ या पुस्तकात मुलाने संगणकाला शिकवता शिकवता स्वतः शिकावे, ही भूमिका मांडली. पुढे फ्रान्समधील ग्रेनोबल येथे कॅब्री आणि अमेरिकेत १९९१ साली जिऑमेटर्स स्केचपॅड ही चल भूमितीची सॉफ्टवेअर आली आणि बिंदू ओढून आकृती तपासण्याची पद्धत रूढ झाली. १९९५ साली जावा भाषेबरोबर वेबपानात बसणारे अ‍ॅप्लेट आले. या शतकाच्या सुरुवातीला ऑस्ट्रियातील साल्झबुर्ग विद्यापीठात मार्कुस होहेनवार्टर यांनी पदव्युत्तर प्रबंधासाठी जिओजेब्राचे काम हाती घेतले. भूमितीतली आकृती आणि बीजगणितातले तिचे समीकरण एकाच पडद्यावर शेजारी ठेवणे हे त्याचे वैशिष्ट्य. आकृती हलवली की समीकरण बदलते, समीकरण बदलले की आकृती हलते.

पुढे सुरक्षिततेच्या अडचणींमुळे ब्राउझरांनी जावा अ‍ॅप्लेटचा आधार काढून घेतला. क्रोममधून तो २०१५ साली पूर्णपणे गेला. फ्लॅशचा आधार २०२० च्या अखेरीस संपला. त्या दोन तंत्रांत बनवलेले जगभरातले शैक्षणिक साहित्य एकतर नव्याने लिहावे लागले किंवा बंद पडले. आज ज्याला सवयीने अ‍ॅप्लेट म्हणतात ते बहुधा एचटीएमएल आणि जावास्क्रिप्टवर चालते आणि साध्या मोबाइलवरही उघडते. जिओजेब्रानेही हाच मार्ग धरला. जर्मनीतील बायरॉइट विद्यापीठात तयार झालेले जेएसएक्सग्राफ, २०११ पासूनचे डेस्मॉस आणि अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठाचा फेट प्रकल्प ही याच वाटेवरची इतर महत्त्वाची कामे आहेत.

महाराष्ट्रात या विषयाची जमीन तयार आहे. बालभारतीच्या नव्या पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड आले आणि २०१७ साली सुरू झालेल्या दीक्षा या राष्ट्रीय मंचावरील साहित्य त्यांना जोडले गेले. क्यूआर कोडचा वापर शाळेत रुजवणारे सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० सालचा ग्लोबल टीचर प्राइझ हा पुरस्कार मिळाला. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात जिओजेब्रावरचे दृक्‌श्राव्य पाठ आहेत आणि त्यांत मराठी पाठही आहेत. ‘तंत्रस्नेही शिक्षक’ हा शब्द तर आता शाळाशाळांत ऐकू येतो. मात्र तंत्रस्नेही असणे म्हणजे बहुतेक वेळा तयार साहित्य शोधणे, व्हिडिओ बनवणे आणि ऑनलाइन चाचणी घेणे एवढ्यापुरते राहते. स्वतःच्या वर्गातल्या अडचणीसाठी स्वतः साधन घडवणे ही त्यापुढची पायरी आहे आणि प्रस्तुत पुस्तिका त्या पायरीसाठी आहे.

पुस्तिकेतील उदाहरणांसाठी धायरी हा परिसर निवडला आहे. सिंहगड रस्त्यावरचे हे गाव टप्प्याटप्प्याने पुणे शहरात सामावले गेले. २०१७ साली महापालिकेत आलेल्या अकरा गावांमध्ये धायरीचा उरलेला भाग होता. जुनी वस्ती आणि मळे, लहान कारखाने, नव्या गृहसंकुलांच्या इमारती हे सगळे इथे शेजारी शेजारी आहे, आणि वर्गातही तसेच मिश्रण दिसते. मराठी माध्यम, सेमी इंग्रजी आणि इंग्रजी माध्यम अशा तिन्ही प्रकारचे विद्यार्थी संध्याकाळी एकाच क्लासच्या बाकावर बसतात. अशा ठिकाणी बनवलेले अ‍ॅप्लेट महाराष्ट्रातल्या कोणत्याही वाढत्या उपनगरात उपयोगी पडेल.

सुरुवात भूमितीपासून करणे सोयीचे. दहावीच्या वर्तुळाच्या प्रकरणातील अंतर्लिखित कोनाचे प्रमेय घ्यावे : अंतर्लिखित कोन हा त्याच्या अंतर्खंडित कंसाच्या मापाच्या निम्मा असतो. जिओजेब्रात वर्तुळ काढून त्यावर ए आणि बी हे बिंदू घ्यायचे आणि पी हा तिसरा बिंदू वर्तुळालाच जोडून ठेवायचा, म्हणजे तो परिघावर फिरेल पण परिघ सोडणार नाही. केंद्राशी होणारा कोन १०० अंशांचा ठेवला तर पी विशालकंसावर कुठेही असला तरी त्याच्याशी होणारा कोन ५० अंश दिसतो. इथपर्यंत सगळे पुस्तकाप्रमाणे होते. आता पी ओढत ओढत ए ओलांडून लघुकंसावर नेला की ५० च्या जागी अचानक २३० हा आकडा येतो.

इथे पुष्कळ शिक्षक सॉफ्टवेअर चुकले असे समजून अ‍ॅप्लेट बाजूला ठेवतात. प्रत्यक्षात जिओजेब्रा कोन एका ठरावीक दिशेने, घड्याळाच्या काट्यांच्या उलट, शून्य ते ३६० अंशांपर्यंत मोजते. पी लघुकंसावर असताना खरा कोन १३० अंशांचा आहे आणि त्याची बाहेरची बाजू २३० अंशांची. कोनाच्या गुणधर्मांत जाऊन ही मर्यादा १८० अंशांपर्यंत आणली की १३० दिसू लागतात. पण मग केंद्रापाशी लिहिलेल्या १०० चे १३० हे निम्मे नाहीत. पी लघुकंसावर गेल्यावर त्याचा अंतर्खंडित कंस बदलला आहे. तो आता विशालकंस आहे, त्याचे माप २६० आणि त्याच्या निम्मे १३०. शिवाय ५० आणि १३० मिळून १८० होतात, हे चक्रीय चौकोनाचे प्रमेय. एका बिंदूने कंस ओलांडला आणि प्रकरणातली दोन प्रमेये एकमेकांना जोडली गेली. म्हणून चांगल्या अ‍ॅप्लेटमध्ये अंतर्खंडित कंस वेगळ्या रंगात ठेवावा आणि पी ओलांडताच तो रंग दुसऱ्या कंसावर जावा. कोणता आकडा दाखवायचा, कोणता लपवायचा आणि तो कधी उघड करायचा, हे निर्णय गणित समजलेल्या माणसालाच घेता येतात.

दुसरी पायरी आलेखाची. रेषीय समीकरण शिकवताना ‘चढ’ ही संख्या विद्यार्थ्यांना सूत्रापुरती उरते. पुण्यातील रिक्षाचे भाडे घेतले तर तिला अर्थ येतो. सप्टेंबर २०२२ पासून लागू झालेल्या दराप्रमाणे पहिल्या दीड किलोमीटरला २५ रुपये आणि पुढे प्रत्येक किलोमीटरला १७ रुपये. याचा आलेख आधी आडवा जातो आणि दीड किलोमीटरच्या बिंदूपाशी वर वळतो. वळल्यानंतरच्या रेषेचा चढ १७. स्लायडरवर अंतर आणि शेजारी भाडे ठेवले की धायरी फाट्यापासून आठ किलोमीटर गेल्यास सूत्राप्रमाणे २५ अधिक १७ गुणिले साडेसहा, म्हणजे १३५ रुपये ५० पैसे होतात, हे बिंदूवरून वाचता येते. तिरकी रेषा मागे वाढवली तर ती वाय अक्षाला उणे अर्धा रुपया इथे छेदते, म्हणजे आरंभबिंदूच्या अगदी जवळून जाते. दीड किलोमीटरचे १७ च्या दराने साडेपंचवीस होतात, हे त्याचे कारण. भाडे अंतराच्या समप्रमाणात आहे का, किती अंतरानंतर तसे मानायला हरकत नाही, किमान भाड्याचा फरक कोणाला पडतो, असे प्रश्न मग मुलेच विचारू लागतात. दर बदलला तर शिक्षकांनी दोन संख्या बदलायच्या. बाकीचे अ‍ॅप्लेट तेच राहते. बदलू शकणारी संख्या आधीच वेगळी काढून तिला नाव देऊन ठेवणे, ही अ‍ॅप्लेट-निर्मितीतली सर्वांत उपयोगी सवय.

तिसरी पायरी त्रिकोणमितीची. पाठ्यपुस्तकातले उन्नत कोन बहुधा ३०, ४५ किंवा ६० अंशांचे असतात, कारण त्यांची गुणोत्तरे पाठ असतात. धायरीतल्या मोकळ्या गच्चीवरून सिंहगडाकडे पाहिले तर गड सरळ रेषेत सुमारे दहा किलोमीटरवर आहे. त्याची समुद्रसपाटीपासूनची उंची सुमारे १३०० मीटर आणि धायरीची साधारण ६०० मीटर. फरक सुमारे ७०० मीटर. म्हणजे उन्नत कोन अवघा चार अंशांच्या आसपास भरतो. कोनमापकाला दोरा आणि वजन लावून विद्यार्थी हा कोन मोजतात तेव्हा एका अंशाची चूक सहज होते. अ‍ॅप्लेटमध्ये कोनाचा स्लायडर तीन अंशांवर नेला की गडाची गच्चीपासूनची उंची सुमारे ५२५ मीटर येते, पाचवर नेला की ८७५ मीटर. मोजमापातली लहान चूक उत्तरात किती मोठी होते आणि दूरची उंची मोजायला सूक्ष्म उपकरणे का लागतात, हे तीन-चार वेळा स्लायडर सरकवला की कळते. हाताने हीच उदाहरणे सोडवायला पूर्ण तास गेला असता.

चौथी पायरी म्हणजे स्वतः प्रोग्राम लिहिणे. त्यासाठी कापरेकर स्थिरांकासारखा विषय नाही. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) हे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकलेले आणि नाशिकजवळच्या देवळालीत शाळेत शिकवणारे गणिती. सगळे अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी, तिचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून मोठ्या संख्येतून लहान वजा करावी आणि येणाऱ्या उत्तरावर हीच क्रिया पुन्हा करावी. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येते आणि तिथेच थांबते, हे त्यांनी १९४९ साली दाखवले. ३५२४ घेतल्यास ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७. मग ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२. मग ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४.

जावास्क्रिप्टमध्ये हे लिहायला थोड्याच ओळी लागतात : संख्या घ्या, अंक सुटे करा, क्रम लावा, जोडा, वजा करा, ६१७४ येईपर्यंत पुन्हा करा. मग २१११ टाकून पाहावे. २१११ वजा १११२ म्हणजे ९९९. संगणकाला ही तीन अंकी संख्या वाटते. तिचे अंक कोणत्याही क्रमाने लावले तरी ९९९ आणि वजाबाकी शून्य. अ‍ॅप्लेट शून्यावर अडकते आणि कापरेकरांचे म्हणणे खोटे ठरल्यासारखे दिसते. दुरुस्ती एकच : उत्तराच्या डावीकडे शून्य भरून ते नेहमी चार अंकी ठेवायचे. ०९९९ पासून ९९९० वजा ०९९९ म्हणजे ८९९१, पुढे ८०८२, मग ८५३२ आणि शेवटी ६१७४. ‘चार अंकी’ या अटीत डावीकडचे शून्य धरलेले आहे, ही गोष्ट कागदावर करताना लक्षातही येत नाही. संगणकाला मात्र ती सांगावीच लागते. प्रोग्राम लिहिणाऱ्या शिक्षकाला गृहीत धरलेली प्रत्येक अट अशी शब्दांत मांडावी लागते आणि त्यातून पुढच्या वेळी फळ्यावरचे सांगणेही नेमके होते. सगळे अंक सारखे असलेली संख्या भरली तर काय करायचे, तीनच अंक भरले तर काय सांगायचे, हे प्रश्नही याच प्रकारचे आहेत.

अ‍ॅप्लेटच्या मर्यादा सुरुवातीलाच स्पष्ट असाव्यात. पडद्यावर दिसलेली गोष्ट सिद्ध झालेली नसते. त्रिकोणाचे कोन ४७.२३६, ७१.३४७ आणि ६१.४१७ अंशांचे असतील तर त्यांची बेरीज बरोबर १८० होते. पण दोन दशांश स्थळांपर्यंत दाखवल्यावर ते ४७.२४, ७१.३५ आणि ६१.४२ होतात आणि बेरीज १८०.०१ भरते. चौकस विद्यार्थी हे हमखास पकडतो. अशा वेळी दशांश स्थळे लपवून वेळ मारून नेण्यापेक्षा मोजणे आणि सिद्ध करणे यांतला फरक सांगण्याची संधी घ्यावी. शिरोबिंदूतून समोरच्या बाजूला समांतर रेषा काढून व्युत्क्रम कोनांनी दिलेली सिद्धता कोणत्याही दशांशावर अवलंबून नाही. अ‍ॅप्लेटने शंका जागवावी, अंदाज बांधू द्यावा, अंदाज खोटा पाडण्याची मुभा द्यावी. शेवटचा शब्द सिद्धतेचा.

म्हणूनच प्रत्येक अ‍ॅप्लेटसोबत प्रश्नांची छोटी पत्रिका असणे आवश्यक आहे. नुसते ‘ओढून पाहा’ म्हटले की मुले बिंदू जोरात फिरवतात आणि दोन मिनिटांत कंटाळतात. ओढण्याआधी वहीत अंदाज लिहायला लावावा, मग ओढून तपासावे, अंदाज चुकला असेल तर का चुकला हे एका वाक्यात लिहावे. प्रश्न तीन-चारच असावेत आणि त्यातला एक तरी असा असावा की ज्याचे उत्तर पडद्यावर आकड्याच्या रूपात मिळत नाही.

मांडणीचे नियम वर्गाच्या परिस्थितीतून येतात. शाळेत एक प्रोजेक्टर किंवा मोठा टीव्ही आणि घरी पालकांचा मोबाइल, ही सर्वसाधारण स्थिती धरावी. मोबाइलवर बोटाने पकडता येईल एवढा बिंदू मोठा असावा. दोन स्लायडर एकमेकांना चिकटू नयेत. शेवटच्या बाकावरून वाचता येतील अशी अक्षरे असावीत. केवळ लाल आणि हिरव्या रंगावर फरक सोडू नये, कारण काही विद्यार्थ्यांना तो दिसत नाही. जोडीला तुटक रेषा किंवा नाव द्यावे. एका अ‍ॅप्लेटमध्ये एकच कल्पना ठेवावी. इंटरनेट नसताना चालेल अशी प्रत संगणकावर ठेवावी.

भाषेचा प्रश्न धायरीसारख्या ठिकाणी विशेष महत्त्वाचा आहे. सेमी इंग्रजीत गणित इंग्रजीतून असते, पण घरचे बोलणे आणि पुष्कळदा वर्गातले समजावणेही मराठीतच होते. विद्यार्थी ‘टँजंट’ लिहितो आणि ‘स्पर्शिका’ ऐकतो. अ‍ॅप्लेटमध्ये मजकूर वेगळ्या घटकात ठेवून भाषा बदलण्याची एक चौकट दिली तर तेच साधन तिन्ही माध्यमांना चालते. मराठी संज्ञा बालभारतीच्या पुस्तकांतल्याच वापराव्यात : शिरोलंब, मध्यगा, छेदिका, श्रेढी, संभाव्यता. प्रत्येक शिक्षकाने आपली संज्ञा बनवली तर विद्यार्थ्याचा परीक्षेत गोंधळ होतो. फेट प्रकल्पाची अनेक सिम्युलेशन मराठीत उपलब्ध आहेत. भाषांतर करताना मजकूर कसा सुटा ठेवतात हे पाहण्यासाठीही ती उपयोगी आहेत.

जावा आणि फ्लॅश यांच्या अनुभवातून एक धडा घ्यायला हवा. अ‍ॅप्लेट केवळ एखाद्या संकेतस्थळावर ठेवून निर्धास्त होऊ नये. मूळ फाइल, रचनेच्या पायऱ्या आणि प्रश्नपत्रिका स्वतःकडे जपाव्यात. कोणता बिंदू मोकळा आणि कोणता बांधलेला हे साध्या मराठीत लिहून ठेवावे. तंत्र बदलले तरी त्या टिपणावरून दुसऱ्या साधनात तेच अ‍ॅप्लेट पुन्हा उभे करता येते. परवान्याच्या अटीही वाचाव्यात. जिओजेब्रा बिगर-व्यावसायिक वापराला मोफत आहे. फी घेऊन चालणाऱ्या क्लासचालकांनी आपला वापर त्यात बसतो का हे आधी तपासावे. दुसऱ्याचे अ‍ॅप्लेट बदलून घेतले असेल तर मूळ निर्मात्याचे नाव द्यावे.

पुस्तिकेचा क्रम वर सांगितलेल्या चार पायऱ्यांप्रमाणे आहे. पहिल्या भागात जिओजेब्रातील भूमितीच्या रचना, दुसऱ्यात स्लायडर आणि आलेख, तिसऱ्यात मोजमाप आणि त्यातील चुका, चौथ्यात एचटीएमएल आणि जावास्क्रिप्ट. पहिल्या तीन भागांसाठी प्रोग्रामिंगचे काहीही ज्ञान लागत नाही. चौथ्यासाठी चल, अट आणि आवर्तन या तीन कल्पना पुरतात, आणि गणिताच्या शिक्षकाला त्या नव्या नाहीत. प्रत्येक भागाच्या शेवटी वर्गात वापरायची प्रश्नपत्रिका दिली आहे. वाचकांनी पुस्तिकेतली अ‍ॅप्लेट जशीच्या तशी उतरवण्यावर थांबू नये. आपल्या वर्गात दर वर्षी ज्या ठिकाणी मुले अडतात असा एक घटक निवडावा, त्यात काय बदलते आणि काय टिकते ते कागदावर दोन रकान्यांत लिहावे आणि मगच संगणक उघडावा. तो कागद नीट जमला की उरलेले काम सरावाने येते.